तसबिरीतले माणूस

दिवाळी जवळ आली की आमच्या घरातले पूर्वज भिंतीवरून खाली उतरतात. जाळीजळमटे काढायची, भिंतींना रंगाचा हात द्यायचा, म्हणजे तसबिरी उतरवाव्याच लागतात. ओसरीवर चटई पसरून त्यांना ओळीने टेकवून ठेवायचे, ओल्या फडक्याने काचा पुसायच्या, चौकटीमागचा धुळीचा आणि पालीच्या अंड्यांचा संसार झाडून टाकायचा. हे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. वर्षभर उंचावरून आपल्याकडे पाहणारी माणसे त्या दिवशी आपल्या गुडघ्याएवढी होतात आणि मग त्यांना निरखून पाहण्याचा धीर येतो. आजोबांचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे, हे मला वयाच्या बाराव्या वर्षी अशाच एका साफसफाईत कळले. चित्रकाराचा हात चुकला होता काय? मी आजीला विचारले. ती म्हणाली, "मोठा नव्हता रे तो डोळा. रागाचा होता."

पुढे मी स्वतःच तसबिरी काढू लागलो. तालुक्याच्या गावातल्या शाळेत मी मुलांना मराठी आणि चित्रकला शिकवतो. सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. कादंबऱ्यांवर घर चालत नाही, हे वाचकांना सांगायला नको. घराला थोडाफार हातभार लागतो तो तसबिरींचा. त्यात दोन जाती आहेत. एक मागणीची. पतसंस्थेच्या संस्थापकांची, सेवानिवृत्त मुख्याध्यापकांची, आणि सर्वांत अधिक म्हणजे घरातून नुकत्याच निघून गेलेल्या माणसाची. ही बहुधा तैलरंगात असते. कारण तैलरंग टिकतो, आणि तो भारदस्त दिसतो असे लोकांना वाटते. दुसरी जात कोणी न मागितलेली. ती मी कोळशाने काढतो. कोळसा स्वस्त, हाताशी असणारा; एका बोटाने सावली करता येते, पावाच्या मऊ गराने उजेड करता येतो. मात्र फुंकर घातली तरी तो उडतो.

कादंबरीतल्या माणसाला मी हवे तसे वाकवतो. ते माणूस कधी उंबऱ्याशी येऊन 'माझे नाक असे नव्हते' म्हणून भांडत नाही. तसबिरीत ती सोय नाही. तिथे चेहरा एकाचा असतो, पैसे दुसऱ्याचे असतात आणि हात तिसऱ्याचा. मग चित्रकाराने इमान राखायचे ते कोणाशी? हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे.

घरोघर तसबीर लावण्याची चाल आपल्याकडे तशी फार जुनी नाही. गावाबाहेरच्या वीरगळावर लढून पडलेला वीर कोरलेला असतो. पण शेजारचा वीरगळ पाहावा तर त्याही वीराचा चेहरा तसाच! देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकांवरचे पूर्वजही एकमेकांचे जुळे भाऊ शोभावेत असे. नाक जुळते की नाही, हे त्यांच्या वारसांनी पाहिले नाही. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची मंडळी स्थापन झाली, १८५७ साली तिथेच जे. जे. कलाशाळा सुरू झाली, राजा रविवर्म्यासारख्या चित्रकाराने बडोद्याच्या गायकवाडांसारख्या राजघराण्यांची तैलचित्रे काढली. आणि राजवाड्यातली ही हौस हळूहळू सावकारांच्या दिवाणखान्यात, वकिलांच्या बैठकीत आणि अखेर तुमच्या-आमच्या ओसरीवर आली. आज चौकाचौकांत फ्लेक्सवर जे गुळगुळीत, सुरकुतीविरहित चेहरे झळकतात, ते याच वंशवेलीचे शेवटचे टोक आहे. त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे!

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस एक गृहस्थ माझ्याकडे आले. बाजारपेठेत त्यांचे भांड्यांचे दुकान आहे. वर्षश्राद्धाला आईची तसबीर हवी होती. फोटो एकच. तो बँकेच्या पासबुकावरून सोडवून आणलेला. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा आणि एका बाजूने रबरी शिक्क्याची निळी कड गेलेली. म्हातारी उन्हात बसवल्यासारखी डोळे बारीक करून समोर पाहत होती. डोईवर पदर, कपाळ मोकळे.

"सर, गळ्यात बोरमाळ घाला. हातात पाटल्या. लुगडं हिरवं करा."

मी लिहून घेत होतो. मग ते थोडे घुटमळले.

"आणि कपाळाला कुंकू लावा की."

बाई चोविसाव्या वर्षी विधवा झाल्या होत्या, हे त्यांनीच मला पाच मिनिटांपूर्वी सांगितले होते. मी विचारले, "हे दागिने होते का त्यांच्याकडे?"

"होते की. दुकानाच्या भांडवलात गेले."

रंगातले सोने फेडायला सोपे असते, असे एक कडवट वाक्य माझ्या जिभेवर आले. ते मी गिळले. समोरचा माणूस खाली पाहत होता. मी होकार दिला आणि विसार घेतला. मात्र त्या रात्री मला झोप नीट लागली नाही.

जे माणसाकडे नव्हते ते त्याच्या अंगावर चढवणे म्हणजे खोटी साक्ष देणेच नव्हे काय? आणि कुंकू? ते पुसायला लावणारा समाज आपलाच. २०२२ साली आमच्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आम्हां सगळ्यांना केवढा अभिमान वाटला होता! पण जिच्या कपाळावर पन्नास वर्षे कोणी बोट टेकवले नाही, तिला मेल्यावर कॅनव्हासवर कुंकू लावायचे म्हणजे केलेला अन्याय धुऊन काढणे, की तो झालाच नाही असे पुढच्या पिढीला सांगणे? तिची पणती त्या तसबिरीकडे पाहून म्हणेल, आमची पणजी सौभाग्यवती गेली, अंगभर सोने घालून गेली. दुकान कशावर उभे राहिले हे तिला कोण सांगणार?

बरे, उलट बाजूने जावे आणि जे दिसते तेच निर्दयपणे काढावे, तर त्याचे काय होते? १९५४ सालची गोष्ट आहे. विन्स्टन चर्चिल ऐंशी वर्षांचे झाले, म्हणून ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मिळून त्यांना त्यांचे तैलचित्र भेट द्यायचे ठरवले. ग्रॅहम सदरलँड या नामवंत चित्रकाराला ते काम दिले. त्याने चर्चिलना समोर बसवून कोळशाने चेहऱ्याचे आणि हातांचे अभ्यास केले आणि त्यांवरून मोठे चित्र रंगवले. खुर्चीत रुतून बसलेला, थकलेला, मनातून कुठे तरी खवळलेला म्हातारा! चर्चिलना ते मुळीच आवडले नाही. समारंभात त्यांनी विनोदाची ढाल पुढे करून वेळ निभावली. ते चित्र त्यांच्या घरी गेले, पण भिंतीवर कधीच लागले नाही. ते जाळून टाकण्यात आले होते आणि त्याला लेडी चर्चिल यांची संमती होती, हे जगाला कळले ते १९७८ साली, त्या बाईंच्या निधनानंतर. तैलचित्र असे भस्म झाले. चित्रकाराच्या कोळशाच्या अभ्यासांपैकी काही मात्र आजही जपून ठेवलेले आहेत.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा माझा सगळा कौल चित्रकाराच्या बाजूने होता. कलाकृती जाळणे म्हणजे काय! आता माझी तेवढी खात्री राहिलेली नाही. आपल्या नवऱ्याचे मन दुखावणारी वस्तू घरात नको, असे एखाद्या बाईला वाटले तर तिला सरळ अपराधी ठरवावे, असे वय आता माझे उरले नाही. पण सदरलँडनेही फसवले नव्हते. त्याला दिसले तेच त्याने काढले. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील, तर मग हे जळाले कशापायी?

असो. मी बाईंचे चित्र काढायला घेतले. नखाएवढ्या फोटोवर बारीक चौकटी आखल्या, तेवढ्याच मोठ्या चौकटी कॅनव्हासवर आखल्या आणि एकेका घरातला चेहरा इकडून तिकडे नेला. अगोदर पातळ रंगाचा थर, मग त्यावर जवसाच्या तेलातला दाट. सोन्यासाठी सोनेरी रंग लागत नाही. पिवळी माती, तपकिरी सावली आणि अगदी शेवटी फिकट पिवळ्याचा एक ठिपका, एवढ्यावर बोरमाळेचा एकेक मणी उजळतो. काम मनासारखे जमत होते. दागिने तर इतके सुरेख उतरले की मीच खूश झालो. कुंकू लावताना मात्र हात थोडा थबकला. मग म्हटले, मुलाची इच्छा आहे. आणि लावून टाकले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मला जेवायचे निमंत्रण होते. तसबीर चौरंगावर ठेवून हार घातला होता. येणारा प्रत्येक जण 'हुबेहूब!' म्हणत होता. दुपारी एका अगदी थकलेल्या म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरून आत आणले. ती त्या बाईंची धाकटी बहीण. मी मनातून धास्तावलो. आता ही म्हणणार, हे सोने कुठले आणि हे कुंकू कुठले!

म्हातारी तसबिरीसमोर बसली. बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं केलंसा मास्तर. लई हौस हुती तिला नटायची."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे आहेत, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीभूमिकेतले. त्यांतले खरे कोणते, असे तिथे कोणी विचारत नाही. माणूस जसे होते तेही खरे आणि जसे व्हावेसे त्याला वाटत होते तेही खरे, असा काहीसा समाधानाचा विचार माझ्या मनात येऊ लागला होता. तोच म्हातारीने आपले बोट तसबिरीतल्या हनुवटीकडे नेले.

"आनि हितलं गोंदान?"

मला काही कळेना. तिने पदर बाजूला केला. तिच्या हनुवटीवर तीन बारीक हिरवट ठिपके होते. "आमी दोघींनी एकदमच गोंदून घेतलं हुतं, जोतिबाच्या जत्रंत. मी रडले, ती न्हाई रडली."

पासबुकावरच्या त्या फोटोत हनुवटीवर तीन निळसर टिंबे होती. मी ती पाहिली होती. रबरी शिक्क्याच्या शाईचे डाग समजून मी ती काढून टाकली होती! आणि तिच्या हातचे पन्नास वर्षे जेवलेला तिचा मुलगा, दागिन्यांची यादी तोंडपाठ सांगणारा, तोही इतका वेळ चित्राजवळ उभा राहून काही बोलला नव्हता. तो आता पुढे झाला, वाकला आणि हळूच म्हणाला, "खरंच की."

दागिने वाढवले म्हणून मी रात्रभर तळमळलो होतो. आणि जे त्या बाईचे सगळ्यांत स्वतःचे होते, जे विधवा झाल्यावरही कोणाला पुसता आले नाही, ते मी सहज पुसून टाकले होते. खोटे बोलावे म्हणून नव्हे. नीट पाहिले नाही म्हणून.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त एक प्रसंग आहे. राजा अग्निमित्राने मालविकेला आधी चित्रात पाहिलेले असते. प्रत्यक्षात ती तेवढी सुंदर नसेल, चित्रकाराने पदरचे घातले असेल, अशी त्याला शंका असते. पुढे ती नृत्यासाठी समोर येते, तेव्हा त्याला उलटेच वाटते. चित्र काढणाऱ्याची समाधी शिथिल झाली असावी, असे तो म्हणतो. शिथिलसमाधी! दीड हजार वर्षांहूनही जुना हा शब्द आहे आणि आमच्या धंद्याच्या खऱ्या अपराधाला याहून नेमके नाव मला माहीत नाही. खुशामत हा दोष आहेच; पण खुशामत करणाऱ्याला निदान आपण काय बदलतो आहोत ते ठाऊक असते. ज्याची समाधी ढळली त्याला आपण काय गमावले याचा पत्ताही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रंगाची पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. गोंदण त्वचेवर नसते, त्वचेच्या आत असते. वरून ठिपके दिले तर ते चिकटवल्यासारखे दिसतात. म्हणून तेलात अगदी विरळ केलेला हिरवा-निळा घेतला, खालचा कातडीचा रंग त्यातून दिसेल असा, आणि तीन ठिपके दिले. दहा मिनिटांचे काम. दुकानदारांनी पाकीट पुढे केले, ते मी घेतले नाही. घेण्यासारखे त्यात काही नव्हते.

इथे हा लेख संपवता आला असता तर मला बरे वाटले असते. चित्रकाराने नीट पाहावे म्हणजे झाले, असे म्हणून मोकळा झालो असतो. पण माझ्या ट्रंकेत एक कोळशाचे चित्र आहे. त्याची हकीकत सांगितल्याशिवाय वर लिहिले ते प्रामाणिक होणार नाही.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात युरोपीय चित्रकलेवरचे एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने काढलेले त्याच्या आईचे चित्र आहे. १५१४ साली, मार्च महिन्यात, कोळशाने काढलेले. आई तेव्हा त्रेसष्ट वर्षांची. तिला अठरा मुले झाली, त्यांतली तीनच जगली. कपाळावर आठ्या, गालांची हाडे वर आलेली, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या, एक डोळा एकीकडे आणि दुसरा भलतीकडे. दोन महिन्यांनी ती वारली, तेव्हा मुलाने त्याच कागदावर शाईने तिच्या मृत्यूची नोंद केली. त्या चित्रात मायेचा एक शब्द नाही आणि सबंध चित्र मायेने भिजलेले आहे. मी ते पुस्तक कितीदा घरी आणले असेल याची गणती नाही.

पाच वर्षांपूर्वी माझी आई अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी कागद आणि कोळसा घेऊन तिच्या उशाशी बसलो. ती म्हणाली, "आता काय राहिलंय बघण्यासारखं?" मी म्हणालो, "तू गप पडून राहा." तासाभरात मी तिचे ओढलेले गाल काढले, दातांवाचून आत गेलेला ओठ काढला, जड कुड्यांनी ओघळलेली कानाची पाळी काढली. एकही रेघ गोड केली नाही. कोळसा असा चालत होता की मी देहभान विसरलो होतो. अगदी समाधी म्हणा ना!

पण समाधी कोणाची होती? लाज वाटते, तरी लिहितो. त्या तासात माझ्या मनात आई नव्हती, ड्यूरर होता. आईच्या गालाचे हाड दिसताच मला आनंद होत होता, कारण ते त्या चित्रातल्यासारखे दिसत होते. तिने मध्येच पाणी मागितले, तेव्हा 'थांब, एवढी सावली होऊ दे,' असे मी म्हणालो. ती थांबली.

संध्याकाळी तिने विचारले, "बघू तरी काय काढलंस."

मी म्हणालो, "अजून पुरं व्हायचंय."

ते पुरे झाले होते. परक्या बाईच्या तसबिरीवर खोटे दागिने चढले म्हणून पुढे ज्याची झोप उडणार होती, त्या मुलाने आपल्या आईला, तिच्याच चेहऱ्याविषयी, तोंडावर खोटे सांगितले. दुकानदाराला आपली आई नटलेली पाहायची होती. मला माझी आई थोर चित्रासारखी दिसायला हवी होती. मागणी दोघांनीही केली होती. फरक इतकाच, की त्याने ती मोठ्याने केली.

सोळा दिवसांनी आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मी ते चित्र अक्काला दाखवले. तिने एकदा पाहिले आणि कागद उलटा ठेवला. "असं का काढलंस रे तिला?" एवढेच ती म्हणाली. मी ते ट्रंकेत ठेवून दिले. कोळसा पक्का बसावा म्हणून त्यावर फवारा मारावा लागतो, तोही मारला नाही. भिंतीवर आईची तसबीर आहे ती फोटोवरून मोठी करून घेतलेली. तिच्यात आई शालू नेसून अवघडून बसली आहे.

यंदा साफसफाईला अक्का आली होती. पूर्वज ओसरीवर ओळीने मांडून झाले. आजोबांच्या काचेवर भुरी आली होती, ती मी पुसत होतो. ट्रंक झाडायला उघडली तेव्हा ते चित्र तिच्या हाती लागले. मी काही बोललो नाही. ती ते घेऊन दारापाशी उजेडात जाऊन बसली. घरात भाजणीचा वास सुटला होता, पोरे आकाशकंदिलाच्या काड्यांवरून भांडत होती. कितीतरी वेळ ती तशीच बसून होती. मग उठून आत आली आणि चित्र माझ्यापुढे धरले. तिच्या अंगठ्याला काळे लागले होते.

"याला काच लाव," ती म्हणाली. "हात लागला की जातंय हे."

फवारा मारून चित्र सध्या कपाटावर वाळत ठेवले आहे. कुठे लावायचे ते अजून ठरलेले नाही. ओसरीवर एक खिळा रिकामा आहे, पण तिथे दुपारचे ऊन येते.